दुपारी बंद केलेली मोटर

सकाळी उठलं की चूळ भरायच्याही आधी मी मासे मोजायचे. एक, दोन, तीन... आकडा भरेपर्यंत छातीत धडधड. मासे काही एका जागी थांबत नाहीत, त्यामुळं एकच दोनदा मोजला जातो आणि दुसरा राहून जातो. मग परत पहिल्यापासून. आकडा भरला की मगच मी मागं वळून ह्यांच्या कॉटकडं बघायचे, छाती वरखाली होतेय का ते. आधी मासे, मग नवरा. लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की काचेच्या पेटीतले ते दहा आणि कॉटवरचा हा एक, सगळे एकाच दोऱ्यात ओवलेत. तिकडचा एक गळला की इकडची गाठ सैल होणार.

तर पहिल्यापासून सांगते.

संक्रांत झाली आणि आमच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला डावा हात आणि "आं" असा एक आवाज. हाक मारायची तरी आं, पाणी मागायचं तरी आं, राग आला तरी आं. जन्मभर सास्तुरात पिठाची गिरणी चालवलेला माणूस. गिरणीत मोटर चालू झाली की कानाशी तोंड नेऊन बोललं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळा कारभार हातावर चालायचा. पंजा आडवा धरला की बस, थांबव. अंगठ्यानं दोन बोटं चोळली की पीठ बारीक काढ. ती सवय घरीसुद्धा. ताटावर बसले की भाकरी नको म्हणून पंजा आडवा. मी म्हणायचे, "अहो, इथं काय जातं फिरतंय का, तोंडानं सांगा की." हसायचे फक्त. पुढं घरोघरी घरघंट्या आल्या आणि गिरणी बंद पडली, तरी हात काही थांबला नाही.

आणि आता तोच हात तेवढा राहिला होता, तोही डावा, ज्यानं कधी खुणा केल्या नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या द्या, हातपाय चोळा, आणि यांचं मन कशात तरी गुंतवा. नाहीतर असे पेशंट भिंतीकडं तोंड करतात आणि मग उठत नाहीत. डॉक्टरांनी ते साधेपणानं सांगितलं, पण चार दिवसांपासून मालक भिंतीकडंच तोंड करून होते. टीव्ही लावला तर डोळे मिटायचे. भजन लावलं तर आं करून रागवायचे.

आमची लेक एकच, सोलापूरला दिलेली. होळी झाल्यावर ती आली ती गाडीतून काचेची पेटीच घेऊन आली. मांडीएवढी रुंद, दोन हात लांब. पांढरी वाळू, हिरवी झाडं, एक छोटी मोटर आणि पाण्याच्या पिशवीत दहा मासे. चार गप्पी, शेपट्या झालरीसारख्या. सहा त्याहून बारीक, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडं लाल, दुकानदार त्यांना निऑन म्हणतो.

माझी धाकटी जाऊ शेजारीच राहते. ती पदर खोचूनच बघायला आली.

"अगं, हे तर डासाचे मासे. आरोग्यवाले गावाच्या हौदात फुकट टाकून जातात. ह्यांना गाडीतून आणलंस व्हय?"

"काकू, ते वेगळे, हे वेगळे," लेक म्हणाली.

"वेगळे कसले, हे नटूनथटून आलेत एवढंच."

मालक हसले. तोंडाची डावी बाजू तेवढी हलली, पण हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी पदर डोळ्याला लावला आणि आत चहा ठेवायला गेले.

लेकीनं सगळं समजावून सांगितलं. बोरचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवायचं. पिशवी आधी पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग मासे सोडायचे. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. "आणि आई, मोटर चालू राहू दे. बंद नको करूस." मी मान हलवली. ती दोन दिवस राहून गेली.

आता मोटरीचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

मोटर होती मुठीएवढी. पेटीत बुडालेली, एका बाजूनं पाणी ओढायची, स्पंजातून गाळून दुसरीकडून सोडायची. पण तिचा आवाज. मोठा नव्हता. लेकीला तर तो ऐकूच येत नव्हता, म्हणायची, "कुठाय आवाज?" गुर्रर्र असा बारीक, काचेतून टेबलात, टेबलातून फरशीत उतरणारा. अनवाणी उभं राहिलं की टाचेला कळायचा. आणि वरचं पाणी सारखं थरथरायचं.

आमच्या गावात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. मोठा भूकंप व्हायच्या आधी वर्षभर आमची जमीन अशीच गुरगुरायची. खालून कुणी जातं ओढतंय असा आवाज. तेव्हा आम्ही घागर काठोकाठ भरून उंबऱ्याशी ठेवायचो आणि येताजाता तिच्यातलं पाणी बघायचो. थरथरलं की पोरं काखेत मारून अंगणात. रोज रोज पळून माणसं कंटाळली, पळायची थांबली, आणि मग ती पहाट आली. आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. आता आमचं घर नवं आहे, पक्कं आहे, पुनर्वसनातलं. तीस वर्षं झाली. तरी अजून घागर भरताना मी गळ्यापर्यंत भरत नाही, दोन बोटं कमी ठेवते, म्हणजे पाणी हललेलं दिसायला नको.

आणि लेकीनं माझ्या माजघरात काठोकाठ पाण्याची पेटी मांडून दिली, रात्रंदिवस थरथरणारी.

सकाळी कामात मन रमायचं. पण दुपारी भांडी झाली, गल्ली गप्प झाली, की तो आवाज वाढायचा. वाढायचा म्हणजे मलाच तसा वाटायचा. मी भिंतीला हात लावून बघायचे. कपाटातल्या कपबशा बघायचे. पंखा डुलतोय का बघायचे. आणि कॉटवरच्या माणसाकडं बघून एकच विचार यायचा: आता जर हललं, तर ह्यांना मी उचलणार कशी? तेव्हा त्यांनी मला ओढून बाहेर काढलं होतं. आता त्यांना कोण काढणार? दारापासून कॉटपर्यंत मी पावलं मोजून ठेवली होती. सात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बटण बंद केलं.

लगेच सगळं शांत. पाणी आरशासारखं. मला एवढं बरं वाटलं की तिथंच फरशीवर पाठ टेकली. मनाला समजावलं, गिरणीतसुद्धा दुपारी मोटर बंद ठेवायचे, जातं तापतं म्हणून. यंत्राला इसावा लागतो. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी परत चालू केली. चालू केल्याबरोबर मोटरीतून काळपट ढग निघाला आणि सडक्या पानासारखा वास आला, पण जरा वेळानं गेला. मग रोजचंच झालं. दुपारी बंद, संध्याकाळी चालू. लेकीला सांगितलं नाही. काय सांगणार? आई मोटरीला भिते म्हणून?

मासे आल्यापासून मालक पेटीकडं तोंड करून झोपायला लागले होते. सकाळी मासे मोजायचे. पंजा उघडायचे, मिटायचे, परत उघडायचे. पाच आणि पाच. मग माझ्याकडं बघायचे, हिशेब बरोबर ना अशा नजरेनं. मी म्हणायचे, "व्हय, दहा." त्यांचं जेवणही वाढलं. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायला लागले.

दुपारी मात्र वेगळं व्हायला लागलं. मी बटण बंद करून टेकले की थोड्या वेळानं त्यांचा डावा हात चादरीवर हलायचा. आधी नुसता कापल्यासारखा. मग फरशीकडं, मग भिंतीकडं. आणि "आं, आं." कपाळावर घाम. मला वाटायचं, ह्यांनाही तेच आठवतंय. ह्यांनाही भुई हलल्यासारखी वाटतेय. मी जवळ बसून तो हात दोन्ही हातांत घट्ट धरायचे.

"न्हाय हो, काय हलत न्हाय. बघा, पाणी बघा, किती निवांत हाय. मी केलीय बंद ती."

त्यावर ते हात सोडवून घ्यायचे आणि भिंतीकडं वळायचे.

आठवड्याच्या आतच पहिला मासा गेला. निळ्या रेघेचा. सकाळी झाडामागं आडवा पडलेला, रेघ पुसल्यासारखी पांढरी. मालक अजून झोपेत होते. मी चहाच्या गाळणीनं तो काढला आणि मागच्या जास्वंदीच्या मुळाशी पुरला. परत आले तर मालक जागे. पंजा उघडला. पाच. मिटला. परत उघडला, अंगठा आत दुमडून. पाच आणि चार. माझ्याकडं बघितलं.

"असंल की झाडामागं निजलेला," मी म्हणाले.

लग्नाला पन्नास वर्षं झाली, मी ह्यांच्याशी एवढं उघड खोटं कधी बोलले नव्हते. त्यांनी दुपारपर्यंत झाडामागं नजर लावली. जेवण अर्ध्यावर आलं.

दोन दिवसांनी आणखी एक. मग एक गप्पी, सगळ्यात मोठ्या शेपटीचा, त्याची झालर आधी फाटल्यासारखी झाली, मग मिटली. उरलेले दुपारी वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडझाप करायचे. मला वाटलं भूक लागली. मी खाणं वाढवलं. चिमटीची मूठ झाली. खाली वाळूवर ते तसंच पडून राहायचं, पाणी गढूळ झालं.

जाऊ म्हणाली, "आक्का, राग मानू नका. पण आजारी माणसाच्या डोळ्यापुढं असं मरण काचेत मांडून ठिवू न्हाय. मी म्हणते, हौदात सोडून द्या एकदाचं."

"सोडले तर हे काय बघतील?"

"आत्ता तरी काय बघतात? भिंतच की."

तिचं खोटं नव्हतं. चौथा गेला त्या दिवशी मालकांनी बोटं उघडलीच नाहीत. दूध एका घोटावर थांबलं. मी वाटी घेऊन बसले, विनवलं, रागावले, परत विनवलं. तोंड मिटलेलं. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात फिरत होतं आणि त्याखाली, टाचेला लागून, ती मोटर गुरगुरत होती. मी उठले आणि त्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच, अकरालाच, तिचं बटण दाबून बंद केलं.

"आं!"

एवढा मोठा आवाज त्यांनी दोन महिन्यांत काढला नव्हता. मी वळले तर ते मानेवर जोर देऊन उठायला बघत होते. डावा हात हवेत. मी धावले, हात धरायला गेले, तर त्यांनी झटकला. उशाचा पाण्याचा तांब्या खाली पडला, खणखणत कॉटखाली गेला. मी घाबरून भिंतीकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं.

"कुठं हलतंय? काय न्हाय हो, काय न्हाय..."

"आं. आं."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या हाताकडं नीट बघितलं. रोज मी तो धरून ठेवत होते ना, म्हणून बघितलाच नव्हता. मूठ वळलेली होती. आणि ती मूठ हवेत गोल फिरत होती. डावा हात, अशक्त, वाकडातिकडा गोल, पण गोलच. एकदा, दोनदा, तीनदा.

मी डबा घेऊन गिरणीत जायचे तेव्हा दारातूनच दिसायचं ते. पोत्यांच्या आडून, पिठानं पांढरा झालेला उजवा हात, मूठ वळून गोल गोल. म्हणजे, चालू कर. मोटर चालू कर.

म्हणजे इतके दिवस हा माणूस भीत नव्हता. तो मला सांगत होता. बंद पडलेली मोटर त्याला कळत होती, कारण बंद पडलेली मोटर म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच त्याला सगळ्या आयुष्यात ठाऊक. मला त्या आवाजात जमीन ऐकू यायची. त्याला गिरणी ऐकू यायची. आणि मी रोज दुपारी त्याचा हात गच्च दाबून धरत होते, बोलायचा एकुलता एक हात.

मी बटण दाबलं. गुर्रर्र. काळा ढग आला, वास आला. मालकांनी मूठ सोडली. डोळे मिटले आणि कान तिकडं लावून पडून राहिले. बऱ्याच वेळानं अंगठ्यानं दोन बोटं हलकीच चोळली, गिरणीत चोळायचे तशी.

मी लेकीला फोन लावला.

"अगं, मी रोज दुपारी ती बंद करत होते."

पलीकडून, "किती वेळ, आई?"

"जेवणापासून दिवेलागणीपर्यंत."

"अगं आई! सांगितलं होतं ना मी तुला?"

"तू बंद नको करूस म्हणालीस. का ते न्हाय म्हणालीस."

तिनं दुकानदाराला विचारून परत फोन केला. म्हणाली, "हे बघ, दह्याला विरजण लागतं ना, तसं नव्या पेटीतल्या पाण्यात चांगले जंतू हळूहळू तयार होतात. माशांची घाण ते खातात. ते राहतात त्या मोटरीच्या स्पंजात, आणि त्यांना वाहतं पाणी लागतं. तू मोटर बंद केलीस की ते गुदमरून मरतात. रोज तू विरजण टाकतेस आणि रोज ओतून देतेस. आणि घाण पाण्यातच राहते, ती माशांना लागते." मग म्हणाली, "पण का केलंस? आवाजाचा त्रास होत होता का दादांना?" बापाला ती दादा म्हणते.

मी व्हय म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. मालक कॉटवरून माझ्याकडं बघत होते.

"त्यांना न्हाय," मी म्हणाले. "मला. मला वाटायचं, खालून येतंय."

लेक भूकंपाच्या वेळी तीन वर्षांची होती, माझ्या आईकडं माकणीला गेली होती म्हणून वाचली. तिला आमची गुरगुरणारी जमीन आठवत नाही. ती म्हणाली, "मोटरीखाली अन् टेबलाखाली स्पंजाचे तुकडे घाल, आवाज फरशीत उतरणार न्हाय. आणि आई, मी रविवारी येते."

पुढचे दिवस सगळ्यात वाईट. स्पंजाचे तुकडे घातले, आवाज बारीक झाला, पण टाचेला अजून कळायचा. आता कारण कळलं होतं, म्हणून भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. आता मरेल तो माझ्याच हातानं मेलेला. रोज सकाळी चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी बादलीत ठेवलेलं सावकाश घालायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, पेटीतून काढलेल्या पाण्यातच दाबायचा. खाणं दोन दिवस बंद, मग चिमटीचंही अर्धं. मासे वर तोंड करून यायचे आणि मी हात मागं बांधून उभी राहायचे. नवी आई रडणाऱ्या लेकराला निजवून लांब उभी राहते तशी. आणि दुपारी, गल्ली गप्प झाली की, मी कॉटला पाठ टेकून फरशीवर बसायचे आणि तो आवाज ऐकायचे. तळवे घामानं ओले. सात पावलं, सात पावलं, असं मनात. मालक वरून डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे. नुसता ठेवायचे.

तरी दोन गेले. एक मंगळवारी, एक शुक्रवारी. ह्या वेळी मी गाळणी लपवली नाही. मालकांना दाखवला, मग जास्वंदीला नेला. त्यांनी बोटं उघडली, अंगठा आत. चार. मी म्हणाले, "व्हय. चार." त्यांनी भिंतीकडं तोंड केलं नाही. दुधाच्या वाटीकडं बघितलं.

त्यानंतर चारच राहिले, पण राहिले. तीन निळे, एक गप्पी.

पुढं चैत्रात एका दुपारी लाईट गेली. आमच्याकडं उन्हाळ्यात जायचीच. मोटर थांबली आणि मी चटकन उठले, झोपेतून उठावं तशी. पाणी आरशासारखं झालेलं. त्या शांततेचीच मला धास्ती बसली. त्या रविवारी लेक आली तेव्हा दुकानदाराचा निरोप सांगून गेली होती, लाईट गेली तर वाटीनं पाणी उचलून उंचावरून सोडत राहा, हवा मिसळते. मी वाटी घेतली. उचल, सोड. उचल, सोड. मासे धारेखाली यायचे आणि पळायचे.

जाऊ दारात येऊन उभी. "आक्का, आंघोळ घालताय व्हय? उटणं आणू का?"

"बोलू नको, हात चालव. दुसरी वाटी तिथं हाय."

ती हसत हसत आली आणि एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. खांदा भरून आला. किती वेळ झाला कळत नव्हतं. मी फक्त त्या चार जणांकडं बघत होते, एक, दोन, तीन, आणि चौथा झाडामागं गेला की काळीज थांबायचं, निघाला की चालू व्हायचं. जाऊ दमून बसली. मी काही थांबले नाही.

"आं."

मी बघितलं नाही.

"आं!"

वळले. मालकांनी पंजा आडवा धरला होता. बस. थांबव.

"कसं थांबू? लाईट न्हाय, मरतील की ते."

पंजा तसाच आडवा. मग एक बोट पेटीकडं. मी पाण्यात हात घातला. मोटरीच्या तोंडापुढं पाणी माझ्या बोटांना ढकलत होतं. लाईट कधीची आली होती. गुरगुर चालू होती, पायाखाली, टेबलात, सगळीकडं, आणि मला ती ऐकूच आली नव्हती.

मी वाटी खाली ठेवली. भिंतीला हात लावून बघितला, सवयीनं. मग मासे मोजले.